टिळकांचा देवाचा दरबार

दिग्रसकरांनो, दारव्हामार्गे यवतमाळला आपण नेहमीच जातो. त्याच यवतमाळात 1953 साली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था उभी राहिली, हे किती जणांना ठाऊक आहे? वेगवेगळ्या मिशनांनी मिळून चालवलेली ही संस्था 1983 मध्ये पुण्याला गेली. आपापले पंथ सांभाळून एकत्र शिकायचं, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती!

पण श्रद्धा जगण्यात उतरवण्याचा महाराष्ट्रातला माझा सर्वांत आवडता प्रयोग कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. त्याचीही वाट विदर्भातूनच जाते. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती बायबलचा नवा करार दिला. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला. पुढे नगरला त्यांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग, भजन, कीर्तन आणलं. 1917 मध्ये तर मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा भक्तसमुदाय मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही. हे धाडस मला त्यांच्या कवितेपेक्षाही मोठं वाटतं. 1919 मध्ये ते गेले आणि दरबार फार टिकला नाही.

घरातली कसोटी मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची होती. कडक सोवळ्यात वाढलेल्या या बाईने पंक्तीतला जातिभेद हळूहळू, स्वतःशी भांडत सोडला. 'स्मृतिचित्रे' या तिच्या आत्मचरित्रात ते सगळं आहे, आणि तेही हसवत हसवत सांगितलेलं.