मुक्काम पोस्ट : राजवाडा, स्प्लिट

रोमन सम्राटाने निवृत्तीनंतर राहण्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात आठवडाभर भाड्याने राहायचं? सहज शक्य आहे! फक्त एक लक्षात ठेवायचं... तिथे तुमच्या आधीपासून कुणीतरी राहतंय.

रात्रीचे साडेअकरा. तीन मैत्रिणी, तीन अवजड बॅगा आणि समोर अंधारा दगडी जिना. लिफ्ट? विसरा! प्रत्येक पायरीवर बॅगांची चाकं खाड्‌खाड् आपटत होती आणि प्रवासाने अर्धमेल्या झालेल्या आम्ही उगाचच खिदळत होतो. दुसऱ्या मजल्यावरचं एक दार उघडलं. गाऊनवर शाल घेतलेल्या एक आजी. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, बॅगांकडे पाहिलं आणि एक शब्दही न बोलता दार लावून घेतलं.

ज्या सुट्टीसाठी वर्षभर रजा साठवल्या, बॉसची मनधरणी केली, तिची सुरुवात ही अशी झाली!

म्युझियम नाही, मोहल्ला

स्प्लिट हे क्रोएशियातलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं शहर. भूमध्य समुद्राचाच एक फाटा असलेल्या एड्रियाटिकच्या काठावर वसलेलं. डायोक्लिशन हा रोमन सम्राट याच भागातला. इ. स. ३०५मध्ये त्याने चक्क राजीनामा दिला आणि इथे येऊन राहिला. सत्तेवर परत या, असा आग्रह झाला तेव्हा त्याने आपल्या मळ्यातल्या भाजीचं कौतुक सांगून नकार दिला, अशी गोष्ट सांगतात. डेडलाइन्सना कंटाळून ‘गावी जाऊन शेती करतो’ म्हणणाऱ्या आपल्या ऑफिसातल्या मंडळींचा हा आद्यपुरुषच म्हणायचा!

त्याचा राजवाडा साधारण २१५ मीटर लांब आणि १८० मीटर रुंद. सातव्या शतकात शेजारचं सलोना शहर उद्ध्वस्त झालं आणि तिथली माणसं जीव वाचवायला या भक्कम भिंतींच्या आत शिरली. ती परत गेलीच नाहीत. दालनांची घरं झाली, मार्गिकांच्या गल्ल्या झाल्या. सम्राटाच्या समाधीचं कॅथेड्रल झालं आणि ज्युपिटरच्या देवळात बाप्तिस्मा होऊ लागला. १९७९मध्ये हा सगळा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, पण म्हणून कुणी घर रिकामं केलं नाही.

त्यामुळे जागतिक वारसा म्हटल्यावर आपल्याला तिकीट, दोरखंड आणि ‘हात लावू नये’ची पाटी आठवते, तसं इथे नाही. रोमन खांबाला टेकून पोरं आइस्क्रीम खातात. इजिप्तहून आणलेल्या काळ्या ग्रॅनाइटच्या स्फिंक्ससमोर सेल्फी चालू असतात. मान वर केली, की दोन खिडक्यांच्या मध्ये कुणाच्या तरी चादरी वाळत असतात.

कागदपत्रांचा डोंगर

आता फंडा समजून घ्या. क्रोएशिया १ जानेवारी २०२३पासून शेंगेन गटात आहे आणि त्याच दिवसापासून तिथे कुनाऐवजी युरो चालतो. म्हणजे आपल्याला शेंगेन व्हिसा हवा. प्रौढांसाठी त्याची फी जून २०२४मध्ये ९० युरो झाली. किमान ३० हजार युरोंचं वैद्यकीय कव्हर देणारा प्रवास विमा सक्तीचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो.

राहण्याचा पुरावा म्हणून अपार्टमेंटचं बुकिंगही चालतं, पण त्या कागदावर सगळ्यांची नावं असलेली बरी. आमच्या पहिल्या कन्फर्मेशनवर फक्त माझं नाव होतं. मग मालकाला मेल करून तिघींची नावं घालून घेतली. व्हिसा हातात येईपर्यंत विनाशुल्क रद्द करता येईल असंच घर निवडा. आणि हो, एका स्वस्त घराच्या मालकाने पूर्ण भाडं आगाऊ, थेट बँक खात्यात मागितलं होतं. फोटोंमध्ये खिडकीतून समुद्र, नकाशावर मात्र घर पार आतल्या रस्त्याला! आम्ही हात जोडले आणि पुढचं घर शोधलं.

खरं घर ओळखायची एक सोपी खूण आहे. नोंदणी केलेल्या अपार्टमेंटच्या दाराशी ‘अपार्टमान’ असं लिहिलेली निळी पाटी असते, तिच्यावर दर्जाचे तारे असतात. पोहोचल्यावर मालक पासपोर्ट मागतो, तेव्हा दचकू नका. पाहुण्यांची नोंद चोवीस तासांत सरकारी ऑनलाइन यंत्रणेत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. उलट, पासपोर्ट पाहायचाच नाही म्हणणाऱ्या मालकाचा संशय घ्यावा.

मंडई, मासळी आणि मेतकूट

अपार्टमेंटचा खरा फायदा एकच, स्वयंपाकघर! राजवाड्याच्या पूर्वेच्या दाराला चंदेरी दरवाजा म्हणतात. त्याच्या बाहेर पडलं, की पाझार ही भाजीमंडई. अंजिरं, टोमॅटो, पालेभाजीच्या जुड्या. पलीकडच्या बाजूला पेश्कारिया, म्हणजे मासळीबाजार. तिथे माश्या फिरकत नाहीत आणि त्याचं श्रेय जवळच्या गंधकाच्या झऱ्यांना दिलं जातं. ताजे तारले आणून आम्ही घरून नेलेल्या मसाल्यात तळले. शाकाहारी मैत्रीण सोपार्निकवर खूश. सोपार्निक म्हणजे दोन पातळ पोळ्यांमध्ये चार्डची पालेभाजी भरून भाजलेला भलामोठा प्रकार, आपल्या पराठ्याचा लांबचा भाऊ.

घरून पोहे, मेतकूट, मसाले जरूर न्या. तूप आणि पेढे मात्र आईने कितीही आग्रह केला तरी नाही! युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात न्यायला बंदी आहे.

सकाळी मंडई, दुपारी बाच्वित्सेच्या उथळ पाण्यात पिचिगिन पाहायचा. छोटा चेंडू पाण्यात पडू नये म्हणून पोटऱ्याभर पाण्यात आडवेतिडवे सूर मारणारी माणसं, त्यात टक्कल पडलेले काकाही! संध्याकाळी मार्यान टेकडी चढायची किंवा फेरीने पन्नासेक मिनिटांत ब्राच बेटावर जायचं. राजवाड्याचा पांढरा दगड याच बेटावरचा. परतल्यावर धक्क्यावर एक कॉफी घेऊन तासभर बसायचं. इथला लाडका शब्द ‘पोमालो’, म्हणजे सावकाश, होतंय.

दुपट्टा आणि शेजार

हे सगळं मस्त चाललं होतं, फक्त आजी सोडून. जिन्यात भेटल्या की आम्ही पाठ केलेलं ‘दोब्रो युत्रो’ म्हणायचो. उत्तर नाही. चौथ्या दिवशी बुरा सुटला. हा डोंगरांवरून समुद्राकडे झेपावणारा गार, कोरडा वारा. आमचे कपडे होते तिरामोलावर. गल्लीच्या आरपार, कप्पीवर ओढायची ही दोरी. मूळ इटालियन शब्दांचा अर्थही तोच, ओढ आणि सोड.

‘‘अगं, दुपट्टा गेला!’’

गेला तो थेट आजींच्या खिडकीच्या गजांवर. आता दार वाजवणं भाग होतं. आजींनी दार उघडलं, हातवारे पाहिले, मान हलवली आणि दार पुन्हा बंद. संपलं, म्हटलं! संध्याकाळी त्याच दार वाजवत आल्या. हातात इस्त्री केलेला, घडी घातलेला दुपट्टा आणि सोबत इंग्रजी बोलणारा कॉलेजातला नातू.

पोह्यांची बशी पुढे केली. आजींनी कढीपत्ता काळजीपूर्वक बाजूला काढला, पण पोहे संपवले. मग बोलल्या. लग्न होऊन त्या या जिन्यात आल्या, तेव्हा इथे चार बिऱ्हाडं होती. मुलं चारही घरांत जेवायची. आता तीन घरं पर्यटकांना जातात, चौथं त्यांचं. ‘‘उन्हाळ्यात आवाजाने झोप येत नाही,’’ नातू भाषांतर करत होता, ‘‘आणि हिवाळ्यात जिन्यात कुणाचा आवाजच नसतो, तेव्हाही येत नाही.’’

गिरगावातल्या चाळीत वाढलेली माझी मैत्रीण एकदम गप्प झाली. तिच्या मजल्यावरच्या निम्म्या खोल्यांना आता कुलपं आहेत.

आमच्या मालकाचीही बाजू होतीच. हे त्याच्या आजीचं घर. तो बायको-मुलांसह शहराच्या नव्या भागात राहतो, तिथे गाडी दारापर्यंत येते. जुन्या छपराची दुरुस्ती भाड्यातूनच होते, नाहीतर हे घर कधीच विकावं लागलं असतं, असं त्याने सांगितलं. खोटं वाटलं नाही. मग चूक कुणाची? आठ दिवसांच्या पाहुण्यांनी निकाल देऊ नये. क्रोएशियाने मात्र एक पाऊल उचललंय. १ जानेवारी २०२५पासून लागू झालेल्या कायद्यानुसार अनेक सदनिकांच्या इमारतीत नव्याने पर्यटकांना घर द्यायचं, तर दोन तृतीयांश सहमालकांची संमती लागते. शिवाय ज्यांची भिंत, जमीन किंवा छत त्या घराला लागून आहे, त्या शेजाऱ्यांचीही. म्हणजे आपल्या सोसायटीची एनओसीच की!

बुकिंगआधी हे विचारा

* पायऱ्या किती? राजवाड्याच्या आत गाडी येत नाही आणि लिफ्ट दुर्मीळ. आईबाबा सोबत असतील तर भिंतीबाहेरचं, तळमजल्याचं घर बघा.
* खाली बार आहे का? जुलै-ऑगस्टमध्ये दगडी गल्ल्यांत आवाज घुमतो. आम्ही ऑक्टोबर निवडला. पाणी पोहण्याइतकं उबदार होतं आणि गर्दी कमी.
* साफसफाईचे पैसे आणि पर्यटक कर भाड्यात धरलेत का, हे लेखी घ्या.
* वॉशिंग मशीन आहे का? असेल तर सामान निम्मं करा. जिना तुमचे आभार मानेल.
* पोहण्याच्या कपड्यांत जुन्या शहरात फिरू नका, दंड होतो.
* आणि शेजारी कोण राहतं, हेही विचारा. हा प्रश्न आम्ही विचारला नव्हता.

परतीची टॅक्सी पहाटे पाचला होती, भिंतीबाहेर. आदल्या रात्री उरलेलं मेतकूट एका बरणीत भरून आजींच्या दाराशी ठेवलं. पहाटे बूट काढून हातात घेतले. एकेक बॅग दोघींनी उचलायची, खाली नेऊन ठेवायची, परत वर यायचं. तीन फेऱ्या, हात भरून आले. गल्लीतही चाकं टेकवली नाहीत, चंदेरी दरवाजा ओलांडल्यावरच टेकवली.

दुसऱ्या मजल्यावरचं दार या वेळी उघडलं नाही. उघडू नये म्हणूनच तर एवढी धडपड केली होती!