आधी कागद, मग निर्णय

मेसचे दर वाढले हे आपल्याला कधी कळतं? वाढल्यावर! म्हणून कॅलिफोर्नियातल्या चार्टर स्कूलचे नियम वाचताना मला हेवाच वाटला. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या.)

चार्टर स्कूल म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, पण स्वतंत्र कारभाराची बिनफीची शाळा. ती काढायला सहसा स्थानिक स्कूल बोर्डाकडे अर्ज करावा लागतो. ६० दिवसांत जाहीर सुनावणी, ९० दिवसांत निर्णय.

खरी गंमत २०१९ सालच्या दुरुस्तीत आहे. बोर्डाच्या कर्मचाऱ्यांची शिफारस, कारणांसकट, निर्णयाच्या सभेआधी किमान १५ दिवस प्रसिद्ध करावीच लागते. सभेत अर्जदारालाही उत्तर द्यायला तेवढाच वेळ मिळतो. म्हणजे ऐनवेळी फाईल फिरवणं अवघड! आणि हे फक्त अर्जदारासाठी नाही बरं का. नवी शाळा निघाली की जुन्या शाळेतली मुलं जातात, मुलांमागे पैसाही जातो. जुन्या शाळेतल्या पालकाने शिफारस आधी वाचली असेल, तरच तो सभेत उठून नेमका प्रश्न विचारणार ना?

मंजुरी मिळाली की सुटलो, असंही नाही. २०१९ च्याच दुसऱ्या कायद्याने चार्टर स्कूलच्या संचालक मंडळाच्या बैठका आणि कागदपत्रंही लोकांना खुली केली.