जुनी होडी वाजवून घेताना

नवी वस्तू घ्यायला पैसे लागतात. जुनी घ्यायला पैशांबरोबर कान आणि डोळेही लागतात. आमच्या आईची पिढी बाजारात साधा माठ घेतानासुद्धा तो बोटाच्या पेराने तीनतीनदा वाजवून पाहत असे आणि आवाज कानाला पटला तरच कमरेची पिशवी सोडत असे. महासागर ओलांडायला निघालेली माणसे जुनी शिडाची होडी घेताना नेमके हेच करतात, असे मला कुणी वर्षभरापूर्वी सांगितले असते, तर मी ती थट्टाच समजलो असतो. मराठी शिकवणाऱ्या माणसाचा समुद्राशी संबंध तो कितीसा? वर्गातल्या कवितेपुरता आणि रविवारच्या चौपाटीपुरता!

पण माझा भाचा व्यापारी जहाजावर अधिकारी आहे. त्याने आणि त्याच्या एका मित्राने ठरवले की, इंग्लंडात एखादी जुनी होडी विकत घ्यायची आणि ती शिडावर हाकत मुंबईला आणायची. दोन होड्या त्यांच्या नजरेत भरल्या. त्यांची छायाचित्रे घरी आली आणि माझी थोरली बहीण ती घेऊन थेट माझ्याकडे आली. मुलाला 'नको' म्हणून उपयोग नाही, हे तिला ठाऊक होते. ती एवढेच म्हणाली, "तू इतकी पुस्तके वाचतोस, त्यात चार होड्यांवरची वाच आणि या दोहोंतली कोणती बुडणार नाही ते मला सांग."

पहिली होडी सन १९८० च्या सुमाराची. अरुंद, जड, आत शिरले की अंधारी. स्वयंपाकाची जागा आपल्या देवघराएवढी. दुसरी तिच्याहून वीस वर्षांनी धाकटी. ऐसपैस दिवाणखाना, तीन झोपायच्या खोल्या, शीतकपाट, गरम पाण्याची सोय. ताईने अर्थातच दुसरी पसंत केली. "निदान दोन वेळचे नीट रांधून तरी खातील," असे तिचे म्हणणे. मलाही छायाचित्रे पाहून तसेच वाटले असते. पण भर समुद्रात होडी सरळ उभी नसते. वाऱ्याने एका अंगावर कललेली असते आणि तशीच दिवसचे दिवस हेलकावत जाते. अशा वेळी माणूस तोल जाऊन पडतो तेव्हा ऐसपैस दिवाणखाना म्हणजे एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत भिरकावले जाण्याची सोय! अरुंद खोलीत हात लांबवला की काहीतरी धरायला मिळते. बंदरात नांगरलेल्या होडीत जे सुख, तेच वादळात संकट होते. विकणारा मात्र होडी बंदरातच दाखवतो.

खरा प्रश्न पाण्याखालचा असतो. होडीच्या तळाशी जो कणा असतो, त्याला आपल्या कोकणातले कारागीर 'पठाण' म्हणतात. जुन्या घडणीच्या होडीत हा पठाण नाळेकडून मागे सुकाणूपर्यंत लांबच लांब गेलेला असतो आणि सुकाणू त्याच्याच पाठीला टेकून सुरक्षित राहते. अशी होडी संथ असते, बंदरात उलटी फिरवायची तर घाम फोडते. पण खुल्या समुद्रात आपली वाट सहसा सोडत नाही. नव्या घडणीत त्याजागी माशाच्या परासारखा एक आखूड, जड पंख खाली बोल्टांनी जोडलेला असतो. होडी चपळ होते, वाऱ्याच्या अंगावर अधिक जाते. असल्या होड्यांनी महासागर ओलांडले आहेत, त्यांना सरसकट नावे ठेवणे बरोबर नाही. पण मग सगळी मदार त्या बोल्टांवर आणि ते ज्या तळात बसवले आहेत त्या तळावर येते. मे २०१४ मध्ये 'चीकी रफिकी' नावाची चाळीस फुटी होडी कॅरिबियन बेटांवरून इंग्लंडला परतत असताना अटलांटिकमध्ये तिचा हा पंखच निखळला. चौघे जण होते, चौघेही गेले. होडी उलटी तरंगताना सापडली, खालचा पंख नाहीसा. पुढे चौकशीत असे दिसले की, ती पूर्वी अनेकदा तळाशी घासली होती आणि तिची दुरुस्तीही झाली होती. त्याने आतली जोडणी कमकुवत झाली असण्याचा संभव होता. म्हणून जुन्या होडीच्या मालकाला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: ही कधी खडकाला लागली होती का? मुलीकडच्यांनी स्थळाची चौकशी करावी तशी ही चौकशी शेजारच्या धक्क्यावरही करावी, असे जाणते सांगतात.

या बाबतीत आपल्या मुंबईची एक मुलगी जगभर नाव करून बसली आहे. 'सुहैली' तिचे नाव. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज दर्यावर्द्याने ही बत्तीस फुटी होडी मुंबईत सागवानात बांधून घेतली. डिसेंबर १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. घडण जुनाट, पोट फुगीर, चाल मंद. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत १९६८ साली जाहीर झाली तेव्हा खुद्द मालकाला ती नको होती. ती विकून मोठी पोलादी होडी बांधायचा त्याचा बेत होता. पैसे जमले नाहीत, म्हणून नाइलाजाने तो 'सुहैली'च घेऊन निघाला. नऊ जण निघाले. दोघांच्या होड्या सुटीत कुटुंबाने फिरायच्या, त्या लवकरच माघारी फिरल्या. टेटली यांची तीन सांगाड्यांची वेगवान होडी जवळजवळ सारा प्रवास संपवून मे १९६९ मध्ये अटलांटिकमध्ये मोडली. 'सुहैली' गळत होती, हे विसरू नका. भर अटलांटिकमध्ये पाण्यात उतरून नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिच्या फटीत कापूस ठासला. पण गळती कुठे आहे ते त्यांना माहीत होते, आणि हाताशी असलेल्या सामानाने ती बुजवता येत होती. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, ती फाल्मथला परतली. शर्यत पुरी करणारी ती एकटीच.

त्या शर्यतीच्या स्मरणार्थ २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये तशीच शर्यत झाली. नियम असा की, होडी बत्तीस ते छत्तीस फुटांची, तिचा आराखडा १९८८ पूर्वीचा, पठाण लांब. म्हणजे बहुतेकांना जुन्या बाजारातच जाणे आले! माझ्यासारख्या नवशिक्याला याहून चांगले पाठ्यपुस्तक मिळाले नसते. पुष्कळांनी 'रस्लर ३६' ही इंग्लिश होडी निवडली. २०१८ च्या शर्यतीत पहिले तिन्ही याच होडीवर होते. दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉइशेफर या बाईंनी मात्र वेगळा हिशेब केला. होडीचा वेग तिच्या एकूण लांबीवर नव्हे, तर पाण्याला टेकलेल्या लांबीवर ठरतो. रस्लरची ही लांबी सत्तावीस फुटांच्या आत. 'केप जॉर्ज ३६' जातीच्या होडीची सुमारे साडेएकतीस. सूत्राने दोघींच्या वेगात फरक पडतो ताशी अर्ध्या मैलाचा. दिसायला क्षुल्लक, पण दिवसाला बारा सागरी मैल! बाईंनी अशी एक होडी, 'मिनेहाहा', कॅनडात न्यू फाउंडलंडला शोधून काढली, प्रिन्स एडवर्ड बेटावर राहून तिची डागडुजी केली, आणि २७ एप्रिल २०२३ ला सोळा जणांत पहिल्या आल्या. दोन दिवसांनी दुसरे आले ते आपले अभिलाष टोमी, रस्लरवर. हेच टोमी २०१८ मध्ये 'सुहैली'ची गोव्यात बांधलेली नवी प्रतिकृती घेऊन निघाले होते. हिंदी महासागरात होडी उलटली, डोलकाठी मोडली, पाठीचा कणा दुखावला. तीन दिवसांनी फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. त्याच वादळात दुसऱ्या एका जातीच्या होडीच्याही डोलकाठ्या गेल्या. तेव्हा 'कोणती बुडणार नाही' या ताईच्या प्रश्नाला होडीचे नाव हे उत्तर नाही, एवढे माझ्या ध्यानात आले.

मग उत्तर कशात? भाच्याने पैसे देऊन एक तपासनीस बोलावला, त्याचे वर्णन त्याने मला सविस्तर लिहिले. त्या गृहस्थाच्या हातात एक लहानशी हातोडी. पाण्याबाहेर काढलेल्या होडीचा तो वीतवीत भाग ठोकत गेला. टणक, खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला तर आत पाणी मुरले समजायचे. डेकमध्ये दोन पातळ थरांच्या मधे पुष्कळदा हलके लाकूड असते, आणि एका सैल स्क्रूतून वर्षानुवर्षे पाणी झिरपले की ते भिजलेल्या बिस्किटासारखे होते. वरून रंग मात्र चकचकीत! त्या ऐसपैस होडीचा डेक डोलकाठीपाशी असाच बद्द वाजला. जुनीच्या तळाला लहान लहान फोड होते. ते खर्चाचे, पण जिवावरचे नव्हेत. डोलकाठी तोलून धरणाऱ्या पोलादी तारा मात्र दोन्ही होड्यांच्या बदलायला हव्यात, असे त्याने सांगितले, कारण त्या कधी बसवल्या हे दोन्ही मालकांना सांगता येईना. गंज न चढणारे पोलाद दिसत नाही अशा खाचेत, हवा न लागता ओले राहिले, की गुपचूप चिरते. साधारण दहा ते पंधरा वर्षांत या तारा बदलतात, मग त्या कितीही चमकत असोत.

या तारा, शिडे, तळातून बाहेर जाणाऱ्या नळ्यांच्या तोट्या, इंजिन, सुकाणू यांचा हिशेब भाच्याने मांडला, तेव्हा होडीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च जवळजवळ जोडीने चालू लागले. स्वस्त होडी मिळाली म्हणून आनंदणाऱ्याने हा दुसरा आकडा आधी काढावा. त्याने जुनी, अंधारी होडी घेतली. ताईला देवघराएवढ्या स्वयंपाकघराचे वाईट वाटते ते वाटतेच.

एका वस्तूबद्दल मात्र मी भाच्याला मामाच्या अधिकाराने बजावले. फिनलंडचे टापिओ लेहतिनेन यांची 'अस्टेरिया' १९६५ ची होडी. ती २०१८ च्या शर्यतीत तिच्यासह त्यांनी पुरी केली होती. तळाला चिकटलेल्या शिंपल्यांमुळे ३२२ दिवस लागले, पण पुरी केली. म्हणजे कसोटीला उतरलेली होडी. १८ नोव्हेंबर २०२२ च्या सकाळी, दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला, मोठ्या आवाजाने त्यांना जाग आली तेव्हा आत पाणी भरत होते. काही मिनिटांत होडी गेली. का, ते कधीच कळले नाही. त्यांनी हवेने फुगणारा तराफा सोडला, त्यात बसले, आणि सुमारे शंभर मैलांवरून कर्स्टनबाई रात्रभर होडी हाकत येऊन पोचेपर्यंत चोवीस तास त्यात तरंगत राहिले. नंतर 'दर्या गायत्री' नावाच्या मालवाहू जहाजाने त्यांना घेतले.

भाच्याच्या होडीबरोबर मालक असा एक तराफा फुकट देत होता. पेटीवर शेवटच्या तपासणीची तारीख होती, अकरा वर्षांपूर्वीची. तो तिथेच ठेवून नवा घे, असे मी लिहिले. पावती त्याने आईला पाठवली आहे.