पिस्तूल तेच, मॅगझिन वेगळे

इटलीच्या बेरेटा कंपनीचे ९ मिलिमीटर पिस्तूल अमेरिकी लष्कराने १९८५ मध्ये ‘एम ९’ या नावाने स्वीकारले. २००३ मध्ये इराकच्या युद्धात मात्र याच पिस्तुलाविषयी सैनिकांच्या तक्रारी येऊ लागल्या. मॅगझिनमध्ये १५ गोळ्यांची जागा असताना अनेकजण १० गोळ्याच भरत आणि आतली स्प्रिंग हाताने ताणून घेत. खरा दोष पिस्तुलापेक्षा मॅगझिनमध्ये अधिक होता.

मॅगझिन म्हणजे गोळ्यांची केवळ डबी नव्हे. तळाची स्प्रिंग एका पट्टीला वर रेटते आणि पट्टी गोळ्यांना. गोळी झाडली, की पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे जाऊन क्षणार्धात पुढे येतो. तो पुढे येण्यापूर्वी नवी गोळी तोंडाशी पोहोचलीच पाहिजे. पट्टी किंचित अडखळली, तरी तो भाग गोळीविनाच पुढे येतो किंवा गोळी वाटेत अडकते.

बेरेटाच्या मूळ मॅगझिनचा अंतर्भाग गुळगुळीत असे. लष्कराने अन्य उत्पादकाकडून घेतलेल्या मॅगझिनवर मात्र आतून-बाहेरून फॉस्फेटचा जाड थर होता. हा थर गंजापासून रक्षण करतो, परंतु त्याचा पृष्ठभाग खरखरीत असतो आणि तो तेल धरून ठेवतो. इराकमधील पिठासारखी बारीक वाळू नेमकी त्यातच चिकटली आणि पट्टीची वाट अडली. गंजाविरुद्ध योजलेला उपायच वाळूपुढे अपाय ठरला.

पुढे बेरेटाने वाळूला दाद न देणारे, कठीण व निसरड्या लेपाचे मॅगझिन तयार केले. २००६ मध्ये अमेरिकी मरीन दलासाठी आलेल्या ‘एम ९ ए १’ पिस्तुलासोबत ते देण्यात आले. २०१७ मध्ये लष्कराने एम ९ च्या जागी सिग सॉअरचे पिस्तूल निवडले, तरी बेरेटाच्या या घराण्यातील पिस्तुले आजही अनेकांच्या वापरात आहेत.

या पिस्तुलांसाठी बाजारात इतर कंपन्यांची मॅगझिनही मिळतात. त्यांत इटलीच्याच मेक-गार कंपनीचे नाव प्रथम घेतले जाते. पिस्तुले बनविणाऱ्या अनेक कंपन्यांना ती मॅगझिन पुरविते. तिचे घर्षणरोधक लेपाचे १८ गोळ्यांचे मॅगझिन मुठीबाहेर न येता बसते. तीन गोळ्या वाढतात, हा लाभ उघड आहे. मात्र तेवढ्याच उंचीत अधिक गोळ्या बसवायच्या, तर दबलेल्या स्प्रिंगला जागा कमी उरते.

म्हणूनच तुलना करताना गोळ्यांची संख्या आणि किंमत एवढ्यावरच थांबू नये. मॅगझिनचा अंतर्भाग गुळगुळीत आहे काय, गोळीला धरणाऱ्या वरच्या कडा सरळ आहेत काय, तळ उघडून ते स्वच्छ करता येते काय, हे पाहणे अगत्याचे ठरते. शेवटची कसोटी पूर्ण भरलेल्या मॅगझिनची, आणि तीही ते जिथे वापरायचे त्या धुळीत, त्या हवेत. इराकमधील सैनिकाच्या पाच गोळ्या कमी झाल्या, त्या ही कसोटी वेळेवर न झाल्यामुळेच.