कुर्ल्याच्या डॉजवरचा मेंढा

प्लिमथ, डॉज आणि डिसोटो ही तिन्ही नावं क्रायस्लरची. 1950च्या आसपास कंपनी परदेशी बाजारांसाठी ज्या स्वस्तातल्या मोटारी काढायची, त्यांत या तिघींचं अंगही एकच असे. दारं प्लिमथची, छप्परही प्लिमथचंच. पुढे डॉजची जाळी आणि मोनोग्राम लावला की झाली डॉज किंग्सवे. उभ्या दातांची जाळी बसवली की डिसोटो डिप्लोमॅट. बॉनेटवर मेफ्लॉवर जहाज दिसलं तर प्लिमथ, मेंढा दिसला तर डॉज. हा मेंढा अॅव्हर्ड फेअरबँक्स या शिल्पकाराने 1930च्या दशकाच्या सुरुवातीला घडवला. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांवर झिरमिळ्या आणि रंगीत अक्षरं असतात, ती मालकाची हौस. डॉजवरचा मेंढा मात्र कंपनीचा, आणि तो काढला तर गाडीला डॉज म्हणायला फारसं काही उरत नाही.

म्हणूनच या गाड्यांच्या दुरुस्तीत इंजिनापेक्षा क्रोमच्या पट्ट्यांवर जास्त वाद होतात.

आपल्याकडे त्या आल्या कुर्ल्यातून. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, क्रायस्लरशी करार केला आणि 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. जनरल मोटर्स तर 1928 पासूनच शिवडीला शेवरोले जोडत होती. पण गाड्या नुसत्या जोडणाऱ्या आणि सुटे भाग इथे बनवण्याची तयारी नसलेल्या कंपन्यांना 1953 मध्ये सरकारने गाशा गुंडाळायला लावला. 1954 मध्ये जनरल मोटर्स गेली. गाड्या मात्र रस्त्यावरच राहिल्या, शेठजींच्या बंगल्यापासून टॅक्सीच्या रांगेपर्यंत. फेंडरवरचं एक अक्षर गळून पडलं तर ते आणायचं कुठून?

आजही तोच प्रश्न आहे. 1957च्या शेवरोले बेल एअरची जवळजवळ प्रत्येक पट्टी अमेरिकेत नव्याने बनून मिळते. पण किंग्सवे आणि डिप्लोमॅट ही नावं मुळात अमेरिकेतल्या गिऱ्हाइकासाठी नव्हतीच, त्यामुळे तिथल्या पुस्तकांत बघून कुर्ल्याची गाडी सजवायला गेलं की घोळ होतो. खरा पुरावा गाडीच्याच अंगावर असतो. रंगाचे थर उतरवताना कसबी डेंटर पत्र्यातली भोकं बघतो. कारखान्यात पाडलेली भोकं एका रेषेत, सारख्या अंतरावर असतात; नंतर कुणी गॅरेजात पाडलेली थोडी तिरपी, कडेला पत्रा उचललेली. लांबीने भरून टाकलेलं जुनं भोक सापडलं की मूळ पट्टी कुठवर जात होती ते कळतं. ज्याने गाडी घेतल्या घेतल्या रंगाला टाकली, त्याने हा कागद फाडलाच म्हणायचा.

पट्ट्या बहुधा स्टेनलेस स्टीलच्या. त्या पोचल्या तरी मागून छोट्या हातोडीने ठोकून, कानस मारून, बफवर पूर्ववत होतात. खरी डोकेदुखी मेंढा आणि अक्षरांची, कारण ती जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात दाबून ओतलेली. क्रोमच्या बारीक छिद्रांतून ओलावा आत शिरतो, खालचं जस्त गंजून फुगतं आणि वर पुटकुळ्या येतात. मुंबईची हवा याला फार मानवते. असा तुकडा सुधारायचा तर आधी जुना मुलामा उतरवायचा, मग प्रत्येक पुटकुळी बारीक गिरमिटाने साफ कोरायची, कारण आत कण राहिला तर तिथेच पुन्हा फोड येणार. नंतर पहिला तांब्याचा हात सायनाइडच्या द्रावणात. आम्लात घातलं तर जस्तच विरघळू लागतं. मग तांब्याचे जाड थर, खड्डे झाळून सपाट करणं, घासणं, पुन्हा तांबं, त्यावर निकेल आणि शेवटी क्रोमचा अगदी पातळ पापुद्रा. चकाकी मुख्यतः निकेलची असते, क्रोम तिला राखतं. घासताना हात जड पडला तर मेंढ्याची शिंगं बोथट होतात, आणि ती परत येत नाहीत. मुलामावाले जस्ताचं काम घ्यायला कां कूं करतात ते उगीच नाही.

त्यात एक गंमत आहे. कोरियाच्या युद्धात अमेरिकेत निकेल लष्कराकडे वळलं, आणि 1952च्या बऱ्याच गाड्यांवर निकेल वगळून तांब्यावरच क्रोम चढवलं गेलं, वर पारदर्शक रोगण. ते लवकर निघूनही गेलं. मग 1952ची गाडी ‘अगदी मूळची’ करायची म्हणजे ते निकृष्ट क्रोमही परत आणायचं का? मला तरी हा हट्ट पटत नाही.

मुंबईच्या कारागिरांनी आपला मार्ग काढला होता: जुनं अक्षर वाळूत दाबायचं आणि त्या साच्यात पितळ ओतायचं. थंड होताना पितळ आवळतं, वीस सेंटिमीटरला साधारण तीन मिलिमीटर. त्यामुळे अक्षरं किंचित आखूड येतात आणि मागच्या खिळ्या पत्र्यातल्या भोकांत बसत नाहीत. मग भोक वाढवायचं. पितळेचा मोनोग्राम हाताला जड लागतो, कडा मऊ असतात, पण मुलामा धरतो जस्तापेक्षा चांगला.

अशा गाडीच्या एका फेंडरवर अमेरिकेतलं जस्ताचं नाव आणि दुसऱ्यावर मुंबईत ओतलेलं पितळेचं दिसलं तर स्पर्धेच्या परीक्षकाला खटकेल. माझ्या मते दोन्ही तशीच ठेवावीत. फक्त पितळेच्या मागे रबराची चकती घालावी. ओलाव्यात पितळ आणि लोखंड एकमेकांना टेकले की लोखंड आधी गंजतं, आणि फेंडर काही कुणी वाळूत ओतून देत नाही.