ध्यान आणि निद्रा

सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे कृष्णेच्या पाण्यावर पोसलेले आहेत. तसेच ते साधुसंतांच्या वास्तव्यानेही पुनीत झालेले आहेत. साताऱ्याजवळील सज्जनगडावर समर्थ रामदासस्वामींनी आयुष्याची अखेरची वर्षे घालविली. माण तालुक्यातील गोंदवले येथे ब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५–१९१३) लोकांना नामस्मरणाचा मार्ग दाखविला. सांगली जिल्ह्यातील औदुंबर हे कृष्णाकाठचे दत्तस्थान तर सर्वश्रुतच आहे. या स्थानी भल्या पहाटे उठून उपासनेस बसणारे भाविक पाहिले, म्हणजे सामान्य माणसास विस्मय वाटतो. त्यातूनच एक समजूत रूढ झाली आहे. ध्यान करणाऱ्यास झोपेची गरज उरत नाही. घटकाभराचे ध्यान हे रात्रभराच्या झोपेइतकेच होय, असे पुष्कळजण मानतात. या समजुतीत तथ्य किती, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रथम आपल्या ग्रंथांचे मत पाहू. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानयोगाचे विवेचन आहे. अतिशय झोपणाऱ्यास योग साधत नाही; त्याचप्रमाणे सदा जागत राहणाऱ्यासही तो साधत नाही, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. पतंजलींनी योगसूत्रात चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या असून निद्रा ही त्यांपैकी एक मानली आहे. याचा अर्थ असा की, निद्रा व ध्यान या दोन भिन्न अवस्था आहेत, हे प्राचीनांस पक्के ठाऊक होते. समर्थांच्या दासबोधातही हा भेद दिसतो. चौदाव्या दशकात अखंड ध्यानाचे निरूपण आहे, तर अठराव्या दशकातील एक समास निद्रेला वाहिलेला आहे. जांभया देणारी, घोरणारी, झोपेत बरळणारी माणसे समर्थांनी त्यात मोठ्या मार्मिकपणे रंगविली आहेत.

आता शास्त्र काय म्हणते, ते पाहू. झोप म्हणजे केवळ विसावा नव्हे. माणूस जागा असतो, तोवर त्याच्या मेंदूत अॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. वाहत्या पाटात हळूहळू गाळ साचावा, तसा हा प्रकार आहे. गाळ वाढला की पाण्याचा वेग मंदावतो. तद्वत हे द्रव्य वाढले की बुद्धी मंद होते व डोळे मिटू लागतात. झोपेत त्याचे प्रमाण पुन्हा उतरते. याशिवाय शरीरात दिवसरात्रीचे भान ठेवणारे एक घड्याळही असते. त्याचे कार्य उलगडून दाखविणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. झोपेलाही निरनिराळ्या पायऱ्या आहेत. स्वप्ने पडतात ती झोप, डोळ्यांच्या जलद हालचालींवरून, १९५३ साली शिकागो येथे ओळखण्यात आली. गाढ झोपेत शरीराच्या वाढीस आवश्यक असलेला स्राव विशेष पाझरतो आणि दिवसा शिकलेले झोपेतच स्मरणात पक्के होते.

ध्यानात निराळेच घडते. शरीर स्थिर व श्वास संथ होतो. परंतु मन मात्र जागे राहते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी समाधी लावून बसलेल्या काही योग्यांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी नोंदविल्या व आपले निष्कर्ष १९६१ साली प्रसिद्ध केले. त्या लहरी गाढ झोपेच्या नव्हत्या. शांत पण जागृत मनाच्या होत्या. पुढे १९७० च्या सुमारास अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, ध्यानास बसताच शरीराला लागणारा प्राणवायू थोड्याच वेळात कमी होतो. म्हणजे ध्यानाने विश्रांती मिळते, हे खरेच आहे. तथापि १९७६ सालच्या एका प्रयोगात निराळीच गोष्ट उघडकीस आली. ध्यानात मग्न आहेत असे वाटणारे काही अनुभवी साधक त्या वेळातील बराच काळ चक्क झोपलेले होते!

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, थोडा वेळ ध्यान केल्याने नवख्या माणसांचीही तरतरी वाढते, असे दिसून आले. दीर्घकाळ ध्यान करणारे भारतीय साधक इतरांपेक्षा कमी तास झोपतात, असेही त्यात आढळले. परंतु एवढ्यावरून ध्यानामुळेच त्यांची झोप कमी झाली, असे सिद्ध होत नाही. ज्यांना मुळातच कमी झोप पुरते, त्यांनाच ध्यानास अधिक वेळ मिळत असेल, हेही संभवते. उलट, २०१५ साली अमेरिकेतील एका अभ्यासात, झोप नीट न लागणाऱ्या प्रौढांना ध्यानाच्या अभ्यासाने चांगली झोप लागू लागल्याचे दिसले. तेव्हा ध्यान हे झोपेचे वैरी नव्हे, तसेच तिच्या जागी बसणारे बदलीही नव्हे. ते तिचे सहायक आहे.

हा विचार केवळ साधकांपुरता नाही. शेतीची वीज रात्रीची आली की, आपल्याकडील शेतकऱ्यास उसाला पाणी देण्यासाठी काळोखात बांधावर जावे लागते. हंगामात साखर कारखान्यातील कामगार रात्रपाळी करतात. पेंगुळलेल्या डोळ्यांनी चालत्या यंत्राजवळ वा विंचूकाट्याच्या वाटेवर वावरणे म्हणजे प्राणाशी गाठ होय. अशा माणसाने दोन घटका डोळे मिटून स्वस्थ बसल्यास त्याचा शीण हलका होईल. पण बुडालेली झोप भरून येणार नाही. तिच्यासाठी दिवसा अंधाऱ्या, शांत जागी झोपणेच भाग आहे.

विद्यार्थ्यांनी तर हे विशेष ध्यानी धरावे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास, तर तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी असते. परीक्षा जवळ आली म्हणजे कित्येक मुले रात्री जागवितात. पण ज्या झोपेत पाठ पक्का व्हावयाचा, तीच तोडली, तर वाचलेले टिकणार कसे? पहाटे उठून चित्त एकाग्र करण्याची सवय उत्तम आहे. मात्र पहाटे उठावयाचे, तर रात्री लवकर निजावे, हा तिचा अर्धा भाग विसरून चालणार नाही. जागेपणी मन एकाग्र असावे आणि झोपेच्या वेळी झोप पुरी व्हावी. या दोहोंचा मेळ घालणे, यातच खरा संयम आहे.