मांजरीचं पिल्लू देण्याआधी

वय : डोळे ७ ते १४ दिवसांत उघडतात. चौथ्या आठवड्यापासून पिल्लं मऊ अन्न चाटू लागतात. ८ आठवड्यांआधी आईपासून तोडू नये; १२ झाले तर उत्तम. चावताना जोर किती लावायचा, हे ती भावंडांशी खेळतानाच शिकतात.

लस : तीन रोगांवरची एकत्रित लस ६ ते ८ आठवड्यांपासून, रेबीजची साधारण १२ आठवड्यांनंतर.

नसबंदी : भाटी चौथ्या-पाचव्या महिन्यातही गाभण राहू शकते, पिल्लं अंगावर पीत असतानाही.

घेणाऱ्याला विचारा : खिडक्या-गॅलरीला जाळी? घरमालकाची परवानगी? गावाला गेल्यावर कोण बघणार? (मे महिन्याचं आधी विचारावं.)

कायदा : उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत प्राणी विनाकारण सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०, कलम ११ नुसार गुन्हा.